बंपर स्वस्त, खोकं महाग : जुन्या गाडीसाठी जपानहून बॉडी किट मागवताना

सोलापुरात दोन दरवाजांच्या खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कार बोटांवर मोजण्याइतक्याच. आपल्याकडे जुनी स्पोर्टी गाडी म्हणजे होंडा सिव्हिक, मित्सुबिशी लान्सर, सेडिया, नाहीतर हौसेनं जपलेली पहिल्या पिढीची स्विफ्ट. या गाड्यांचं भाग्य असं की त्यांची भावंडं जपानमध्ये रेसिंगमध्ये उतरली. त्यामुळे तिकडे त्यांच्यासाठी बंपर, दारांखालचे साइड स्कर्ट, डिकीवरचे स्पॉयलर अशा बॉडी किटचे असंख्य नमुने निघाले. मात्र ते आता दुर्मिळ झालेत. हे किट बनवणारे कारखाने बहुतेक लहान, साच्यात हातानं फायबर थापणारे. मॉडेल जुनं झालं, मागणी आटली की साचा अडगळीत जातो. मालक निवृत्त झाला की साचाही जातो आणि किटही.

रात्री मोबाइलवर जपानी साइट चाळताना समजा बंपर ६०,००० येनला दिसला. येन साधारण अर्ध्या रुपयाच्या थोडा वर धरला, तर पस्तीस हजारांच्या आसपास. ‘एवढ्यात तर इथं फायबरवालाही करून देणार नाही,’ असं वाटून माणूस बटण दाबायला जातो. इथं थांबा. किंमत विचारायच्या आधी विचारायचा प्रश्न एकच : पॅक केल्यावर खोकं किती लांब होणार? बंपर विकत घेणं सोपं आहे, त्याभोवतीची हवा समुद्रापार आणणं महाग आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी स्वतःची गाडी ओळखा

जपानी विक्रेता गाडीचं नाव विचारत नाही, चॅसिस कोड, म्हणजे मॉडेलचा कारखानी कोड, विचारतो. त्याला तिकडे ‘काताशिकी’ म्हणतात. भारतात २००६ मध्ये आलेली सिव्हिक सेडान म्हणजे जपानमधली एफडी पिढी. तिकडे १.८ लिटरची एफडी१, दोन लिटरची एफडी२, आणि २००७ ते २०१० या काळात विकलेली प्रसिद्ध टाइप आर, म्हणजे सिव्हिकची सर्वात स्पोर्टी आवृत्ती, तीही एफडी२च. आपली गाडी एफडी१च्या जवळची. टाइप आरची रुंदी १,७७० मिलिमीटर, साध्या एफडी१ची १,७५५. पंधरा मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटेल. पण बंपर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) जिथं भेटतात तिथं दोन्ही बाजूंना सात-आठ मिलिमीटरची पायरी दिसली, की सगळी गाडी हलक्या हातानं केल्यासारखी वाटते. म्हणून टाइप आरचा बंपर घेताना फेंडरच्या कडेचं काय करणार, हे आधीच ठरवा.

अमेरिकेत त्याच काळात विकलेली सिव्हिक सेडान दिसायला सारखीच वाटते, पण तिचे दिवे आणि बंपर वेगळे. युरोपातली हॅचबॅक तर पूर्ण निराळी गाडी. फोटो बघून ‘हाच की’ म्हणू नका, कोड बघा.

लान्सरवाल्यांची अडचण आणखी मजेशीर. १९९८ पासून हिंदुस्थान मोटर्सनं तमिळनाडूत बनवलेली लान्सर आणि तिची स्पोर्ट्स आवृत्ती इव्होल्यूशन (थोडक्यात इव्हो) ४, ५, ६ एकाच कुळातल्या. त्यात इव्हो ४ अरुंद बांध्याची, आपल्या लान्सरच्या जवळची. ५ आणि ६ फुगवलेल्या फेंडरच्या, १,७७० मिलिमीटर रुंद, आपल्या गाडीपेक्षा जवळपास ८० मिलिमीटर जास्त. सेडिया आणि इव्हो ७, ८, ९ यांचंही तेच : सेडिया १,६९५ रुंद, इव्हो १,७७०. इव्होचा बंपर सेडियाला लावायचा तर फेंडर बदलायचे, फेंडर बदलले की बोनेटची कड, मग चाकांची रुंदी, मग मागची बाजू. एक बंपर घ्यायला निघालेला माणूस अर्धी गाडी विकत घेऊन बसतो. माझं मत विचाराल तर सेडियावाल्यांनी इव्होचा नाद सोडून सेडियासाठीच निघालेली रॅलीआर्ट या मित्सुबिशीच्याच रेसिंग शाखेची किंवा कंपनीची जोडणी शोधावी. शोधायला वेळ लागतो, पण ती बसते.

आणखी एक भेद न विसरता तपासायचा. जपानी लोक एकाच मॉडेलचे दोन काळ करतात : फेसलिफ्टच्या आधीची गाडी ‘झेन्की’, नंतरची ‘कोकी’. एफडी सिव्हिकचा हा बदल तिकडे २००८ च्या सप्टेंबरात झाला. जाळी, फॉग लॅम्पची खाच, बंपरची खालची रेघ यात फरक पडतो. आपल्या गाडीचा बंपर काढून मागच्या बाजूचे ब्रॅकेट, क्लिपांची भोकं, दिव्यांच्या खाचा यांचे फोटो घ्या, मापपट्टी शेजारी ठेवून. हे फोटो पुढं विक्रेत्याला पाठवायला कामी येतात आणि तुमच्या पेंटरलाही.

शोध कुठं, कोणत्या शब्दांनी

इंग्रजीत ‘बॉडी किट’ टाकून जपानी साइटवर फारसं हाती लागत नाही. तिकडे या सगळ्या प्रकाराला ‘एअरो’ म्हणतात. भाषांतराच्या ॲपमध्ये चॅसिस कोड, ‘एअरो’ आणि ‘फ्रंट बंपर’ किंवा ‘साइड स्टेप’ जपानीत करून घ्या आणि तेच शोधा. साइड स्कर्टला तिकडे साइड स्टेपच म्हणतात.

याहू ऑक्शन हा मुख्य बाजार. मर्कारीवर किरकोळ माल, अप गॅरेज ही वापरलेल्या पार्ट्सची दुकानसाखळी, तिची ऑनलाइन दुकानं वेगळी. यांतले बहुतेक जण थेट भारतात पाठवत नाहीत. मधे झेनमार्केट, बायई, जॉस यांसारख्या प्रॉक्सी कंपन्या लागतात. त्या तुमच्या नावानं बोली लावतात, माल स्वतःच्या गोदामात घेतात आणि पुढं पाठवतात. नव्या मालासाठी आरएचडी जपान, नेंगुन असे निर्यात करणारेच विक्रेते आहेत. त्यांच्याशी इंग्रजीत बोलता येतं, हा मोठा आराम.

जाहिरात वाचताना काही शब्द ओळखायला शिका. ‘जुनसेई’ म्हणजे कंपनीचा मूळ पार्ट, ‘शागाई’ म्हणजे बाहेरचा. ‘शिनपिन मिशियो’ म्हणजे नवा, न वापरलेला. ‘जंक’ लिहिलं असेल तर तक्रारीला जागा नाही, तुटकाफुटका असेल असंच धरायचं. मेकरच्या नावापुढं ‘ताइपु’, ‘शियो’ किंवा ‘फू’ लागलं असेल तर तो त्या मेकरचा माल नव्हे, त्या धर्तीची नक्कल. ‘म्युगेन ताइपु’ बघून म्युगेन (होंडाचे पार्ट बनवणारा नामांकित मेकर) मिळाला म्हणून नाचू नका. नक्कल वाईटच असते असं नाही, पण म्युगेनच्या भावात ती घ्यायची नाही.

अस्सल ओळखायची तर पुढची नव्हे, मागची बाजू बघा. विक्रेत्याकडून मागच्या बाजूचे फोटो मागा : मेकरचं स्टिकर किंवा प्लेट, पार्ट नंबर, बसवण्याचं छापील पत्रक. पॉलिप्रॉपिलिन किंवा एबीएसमध्ये ओतलेल्या कारखानी पार्टची मागची बाजू एकसारखी, गुळगुळीत असते आणि त्यावर साच्यातले आकडे उठलेले असतात. जिथं फायबरचे धागे आणि रेझिनचे ओघळ दिसतात तो हातानं थापलेला. छोट्या मेकरचा असेल तर अस्सल मालही फायबरचाच असतो. पण जो पार्ट मूळ मेकरनं प्लॅस्टिकमध्ये काढला होता तो जाहिरातीत फायबरचा दिसला, तर काय ते समजा.

पदार्थावर थोडं थांबायला हवं, कारण आपल्या रस्त्यांना ते जास्त लागू पडतं. फायबर म्हणजे एफआरपी : कडक, हलकं, दुरुस्त करायला सोपं, पण ठोकर लागली की तडकतं. पॉलियुरेथेन वाकतं, तडकत नाही, मात्र वर्षानुवर्षं गोदामात वाकडं पडलेलं असेल तर वाकडंच राहतं आणि त्यावरचा रंग साधा असेल तर सोलून निघतो. एबीएस आणि पॉलिप्रॉपिलिन मधल्यामधले, बसायला सर्वात नीट. कार्बन घ्यायचा मोह टाळा. एप्रिल-मेमधल्या आपल्या उन्हात त्यावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, पिवळा पडायला फार दिवस लागत नाहीत. रोज गाडी चालवणार असाल तर पुढच्या लिपसाठी (बंपरच्या खालच्या कडेची पट्टी) युरेथेन, बाकी फायबर, ही जोडी मला सर्वात शहाणी वाटते.

वापरलेलं की नवं : इथं कायदा आडवा येतो

बरेच जण इथंच घसरतात, आणि जपानी विक्रेता हे सांगत नाही. भारताच्या परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री वगळता वापरलेला माल ‘रिस्ट्रिक्टेड’ वर्गात आहे. म्हणजे आयातीला आधी परवानगी लागते. याहू ऑक्शनवरचा वापरलेला बंपर, ओरखड्यांसकट, बंदरात उतरला आणि अधिकाऱ्यानं ‘जुना माल’ म्हणून अडवला, तर त्याच्याशी वाद घालायला तुमच्या हातात फारसं काही नसतं. ‘भेट’ लिहून पाठव, किंमत कमी दाखव, नवा लिही असे सल्ले मोकळेपणानं मिळतात. ते ऐकू नका. खोटं बीजक म्हणजे माल जप्त आणि दंड वेगळा.

म्हणून माझा क्रम असा. पहिली पसंती अजून चालू असलेल्या मेकरकडून नवा माल ऑर्डर करणं. अनेक मेकर ऑर्डर आली की साच्यातून काढून देतात, त्याला दोन-तीन महिने लागू शकतात. दुसरी पसंती एखाद्या दुकानात पडून राहिलेला न वापरलेला जुना स्टॉक. याहू ऑक्शनवरही असा माल निघतो, आणि भाव समजण्यासाठी तो बाजार रोज बघावाच. वापरलेलं किट शेवटी, आणि तेही कस्टम्स एजंटशी बोलून, परवानगीचा मार्ग समजून घेऊनच.

स्वतःच्या गाडीसाठी, व्यापारासाठी नव्हे, असा माल आणायला आयात-निर्यात कोड लागत नाही. पण ओळखपत्र, पॅन आणि खरं बीजक लागतं. एकाच वेळी तीन बंपर मागवले तर ‘वैयक्तिक वापर’ हे कुणालाही पटणार नाही.

ऑर्डर आणि बोली

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. याहूवरचे लिलाव बरेचदा तिकडच्या रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान संपतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. दुकान-ऑफिस सुटायची वेळ, त्यामुळे अलार्म लावा. शेवटच्या क्षणी बोली आली की लिलाव पाच मिनिटांनी वाढतो, अशी सोय बऱ्याच जाहिरातींना असते. त्यामुळे शेवटच्या सेकंदाची हुशारी चालत नाही. आपला आकडा आधी ठरवा, भाडं आणि कर धरून, आणि त्यापुढं जाऊ नका.

मेकरला ऑर्डर देताना भावापुढं ‘झेइनुकी’ आहे की ‘झेइकोमी’ ते बघा. पहिल्यात तिकडचा १० टक्के उपभोग कर धरलेला नसतो, दुसऱ्यात असतो. निर्यातीच्या मालावर तो कर माफ करून देणारे विक्रेते आहेत, विचारायला लाजू नका. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन आणि नवीन वर्ष, या दिवसांत तिकडं सगळं बंद असतं. आपल्याकडे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते तेव्हा तिकडे चिबा इथल्या मकुहारी मेस्से केंद्रात टोकियो ऑटो सलोन भरतं. मेकर मंडळी तेव्हा तिथं, त्यामुळे जानेवारीत उत्तरं उशिरा येतात.

विक्रेत्याला हे लेखी विचारा : पॅक केल्यावरची लांबी-रुंदी-उंची, वजन, पदार्थ, झेन्कीचं की कोकीचं, ब्रॅकेट आणि बोल्ट सोबत आहेत का, जाळी सोबत आहे का. आणि एक गोष्ट तिकडची खास : बंपरएवढं खोकं जपानमध्ये खासगी घराच्या पत्त्यावर पोहोचवत नाहीत. ते कंपनीच्या पत्त्यावर तरी जातं, नाहीतर ट्रान्सपोर्टच्या डेपोत. प्रॉक्सीचं गोदाम एवढं मोठं खोकं स्वीकारतं का, हे बोली लावायच्या आधी विचारा. काही जण स्वीकारत नाहीत, आणि पैसे भरल्यावर ते कळतं.

खोक्याचं गणित

आता मुख्य मुद्दा. समजा पुढच्या बंपरचं खोकं १८० × ६० × ५० सेंटिमीटर आहे. आत फायबरचा बंपर, वजन सात-आठ किलो. विमानानं पाठवायचं तर खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांत जे जास्त त्यावर भाडं लावतात. आकारावरून काढताना तिन्ही बाजूंचा गुणाकार करून ६,००० नं भागतात : उत्तर ९० किलो. कुरिअरवाले ५,००० नं भागतात : १०८ किलो. आठ किलोचा बंपर, भाडं १०८ किलोचं. जपानमधली स्वस्ताई इथं संपते.

टपालाची ईएमएस सेवा खऱ्या वजनावर भाडं लावते, पण तिच्या मर्यादा आहेत : लांबी जास्तीत जास्त दीड मीटर, लांबी अधिक घेर तीन मीटर, वजन ३० किलो. पूर्ण बंपर यात बसत नाही, दोन मीटरचा साइड स्कर्टही नाही. पण जाळी, डिकीवरचा छोटा स्पॉयलर, कॅनार्ड (बंपरच्या कोपऱ्यावरचे छोटे पंख), आरसे, फॉग लॅम्पची झाकणं हे सगळं आरामात बसतं. आणि पुढची लिप तीन तुकड्यांत येणारी असेल तर तीही. हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांना माझा सल्ला असा : पूर्ण बंपरचा हट्ट सोडा. मूळ बंपरवर तीन तुकड्यांची अस्सल लिप, अस्सल जाळी आणि डिकीवरचा स्पॉयलर एवढं आणा. गाडीचा चेहरा बदलतो, खर्च आटोक्यात राहतो, आणि पुढं आरटीओचा प्रश्नही हलका होतो.

ज्यांना पूर्ण किटच हवं, त्यांच्यासाठी मार्ग समुद्राचा. कंटेनर पूर्ण घ्यायची गरज नाही. दुसऱ्यांच्या मालासोबत आपलं खोकं जातं, त्याला एलसीएल म्हणतात. भाडं घनमीटरवर, आणि सहसा किमान एक घनमीटर धरतातच. वरचं खोकं ०.५४ घनमीटर. मागच्या बंपरचं तेवढंच. साइड स्कर्टची जोडी धरून सव्वा घनमीटरच्या आत पूर्ण किट बसतं, आणि पॅक करणारा जाणता असेल तर एका बंपरच्या पोटात दुसरा बसवून आणखी कमी. म्हणजे एकटा बंपर आणा नाहीतर पूर्ण किट आणा, समुद्राच्या भाड्यात फार फरक पडत नाही. म्हणून दोन मित्रांनी मिळून मागवणं फायद्याचं, पण बीजकं मात्र दोघांच्या नावानं वेगळी हवीत.

योकोहामा, नागोया किंवा कोबेहून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात यायला महिना-दीड महिना धरा, वाटेत जहाज बदलतं. लाकडी चौकट वापरली असेल तर त्या लाकडावर प्रक्रिया केल्याचा गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का हवा. नसेल तर बंदरात अडतं. फॉरवर्डरला, म्हणजे माल जहाजानं पाठवून देणाऱ्या कंपनीला, हे आधी लिहून सांगा. विमा घ्या. फायबरच्या बाबतीत विमा वाचवणं म्हणजे काचेची बरणी एसटीच्या टपावर ठेवणं.

कस्टम्स : सोलापूरकरांना एक फायदा

बंपरवर कर आकारताना फक्त बंपरची किंमत धरत नाहीत. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर तो लागतो. म्हणजे महाग भाडं दोनदा बोचतं. समजा ही बेरीज १,००,००० रुपये, मूळ आयात शुल्क १५ टक्के आणि जीएसटी १८ टक्के धरला. शुल्क १५,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १,५००. आता १,१६,५०० वर १८ टक्के जीएसटी, २०,९७०. एकूण कर ३७,४७०. दर बदलतात, टपालानं आलेल्या वैयक्तिक मालाला वेगळा दर लागू शकतो, म्हणून ऑर्डरच्या आठवड्यात एजंटकडून आजचे दर घ्या. गणिताची रीत मात्र हीच. भारत-जपान करार २०११ पासून लागू आहे आणि त्यात सवलत मिळू शकते. पण त्यासाठी जपानहून मूळ देशाचं प्रमाणपत्र हवं, आणि एका किटसाठी ते काढून देणारा विक्रेता सापडणं कठीण.

एलसीएलचा माल सोडवायला कस्टम्स एजंट लागतो. पुण्या-मुंबईचे एजंट एका खोक्यासाठी फार उत्साह दाखवत नाहीत. इथं आपल्या गावाचा उपयोग होतो. सोलापूरचे टॉवेल आणि चादरी परदेशात जातात, अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत निर्यात करणारे कारखानदार आहेत, आणि त्यांचे न्हावा शेवाला ठरलेले एजंट असतात. ओळखीतल्या एखाद्या टॉवेलवाल्या शेठजींना शब्द टाका. त्यांच्या ओळखीनं गेलेल्या माणसाला एजंट टाळत नाही, आणि सगळे आकार आधी लेखी देतो. हे ‘आधी लेखी’ महत्त्वाचं, कारण गोदामाचं भाडं, हाताळणी, कागदपत्रं असे छोटे छोटे आकडे मिळून मोठा होतो. मोफत दिवस संपले की गोदामाचं भाडं रोज चढतं. म्हणून जहाज लागायच्या आधीच बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती) आणि तुमची ओळखपत्रं एजंटकडे पोहोचलेली हवीत.

तिथून सोलापूर साधारण चारशे किलोमीटर. पुण्यामार्गे येणारे पार्सलवाले बरेच आहेत, पण खोकं मालाच्या ढिगात मधे घालू नका. टॉवेलच्या गाठींवर ठेवायला सांगा, खाली नव्हे. ताब्यात घेताना खोकं चारही बाजूंनी फोटोत घ्या, फाटलं असेल तर पावतीवर तसं लिहूनच सही करा, आणि उघडताना व्हिडिओ काढा. विम्याचा दावा यावरच उभा राहतो.

बसवणं

किट आलं की पेंटरकडे पळू नका. आधी रंगाशिवाय बसवून बघा. गॅरेजवाला म्हणेल, ‘मालक, ठेवून जावा, परवा रंगवून देतो.’ ठेवून जाऊ नका, उभं राहा. जुना बंपर काढा, नवा ब्रॅकेटवर अडकवा, बोनेट आणि फेंडरशी फट बघा, चाक पूर्ण वळवून टायर घासतो का बघा. फायबरचं किट जसंच्या तसं बसलं तर नशीब समजा. थोडं घासणं, एखादं भोक लांबट करणं, आतून फायबरचा एखादा थर चढवणं लागतंच. ते काम एमआयडीसीतले फायबरचे कारागीर बऱ्याच डेंटरपेक्षा चांगलं करतात. आतली लोखंडी बीम मात्र कुणालाही कापू देऊ नका. ती अपघातात तुमच्यासाठी आहे, शोभेसाठी नाही. रेडिएटरसमोरची हवेची वाट झाकली जात नाही ना, हेही बघा. मे महिन्यात एसी लावून पुणे रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलात की कळतं.

नंबर प्लेट हा न सुचणारा त्रास. जपानी प्लेट ३३० × १६५ मिलिमीटर, आपली लांबट हाय सिक्युरिटी प्लेट ५०० × १२०. जपानी बंपरमधली प्लेटची खाच आपल्या प्लेटला अपुरी पडते. दुसरा आकार ३४० × २०० चा, तो कधी कधी बसतो, पण तुमच्या गाडीच्या प्रकाराला कोणता आकार मिळतो ते प्लेट देणाऱ्या विक्रेत्याकडे विचारून मगच जागा तयार करा. प्लेट वाकवणं, कापणं नको.

रंगाआधी नवं फायबर दोन-चार दिवस उन्हात ठेवा. आतल्या रेझिनचा वास जाईपर्यंत ते पूर्ण पक्कं झालेलं नसतं, आणि तसंच रंगवलं तर नंतर बारीक फोड आणि खड्डे उठतात. या कामात आपलं ऊन फुकटचं भट्टीघर आहे. फक्त गाडीवर जसं बसणार तसं आधार देऊन ठेवा, नाहीतर वाकेल. मग साच्याचं मेण डिग्रीझरनं धुऊन काढा, ३२० किंवा ४०० च्या पेपरनं घासा, पिनहोल (बारीक छिद्रं) भरा, प्राइमर, मग रंग. मेण राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. भट्टी वापरणार असाल तर साठ अंशांच्या वर जाऊ नका. युरेथेनवर रंगात लवचिकतेचं मिश्रण घालायलाच हवं. साधी धूळमुक्त बूथ नसेल तर काम पहाटे, जमीन ओली करून घ्या. नळाला पाणी कधी येतं त्यावर तो दिवस ठरवावा लागतो, हे सोलापूरकराला सांगायला नको.

उंचीचं एक स्वस्त परीक्षण किट मागवायच्या आधीच करा. नवी लिप मूळ बंपरपेक्षा जेवढी खाली येणार, तेवढ्या उंचीची पुठ्ठ्याची पट्टी मूळ बंपरखाली टेपनं चिकटवा आणि नेहमीच्या रस्त्यांवर आठवडाभर फिरा. जुळे सोलापूरच्या गल्ल्यांतले घरगुती स्पीड ब्रेकर, आसरा चौकाकडची उतरण, गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेली गावाबाहेरची वळणं. पुठ्ठा फाटून हातात आला तर लिपही येणार. मग कमी उंचीचा नमुना शोधा.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून फेंडर कापून बसवायची ओव्हरफेंडर किट, फोटोत कितीही देखणी दिसली तरी, रस्त्यावरच्या गाडीला मी सुचवणार नाही. मूळ पत्रा न कापता बोल्टवर बसणारं, परत काढता येणारं किटच घ्या. रंग गाडीचाच ठेवा, कारण रंग बदलला की त्याची नोंद करून घ्यावी लागते. तरी शंका असेल तर आधी एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या, आरटीओ कार्यालयात फोटो दाखवून विचारा.

२००६ ते २०१० मधल्या बहुतेक गाड्यांची पंधरा वर्षं भरलीत. पुढची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी, पर्यावरण कर भरून आणि गाडी तपासणीला नेऊन. त्या दिवशी गाडी मूळ बंपरवर नेणं सर्वात बिनघोर. म्हणून मूळ बंपर, त्याचे ब्रॅकेट आणि क्लिपा भंगारात देऊ नका. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून आडवे ठेवा, उभे टेकवले तर उन्हाळ्यात वाकतात. जुन्या क्लिपा काढताना निम्म्या तुटतात. त्यांचे पार्ट नंबर शोधून किटच्याच ऑर्डरसोबत मूळ कंपनीच्या नव्या मागवा. त्या ईएमएसच्या छोट्या पाकिटात येतात आणि पुढच्या दोन-तीन वेळच्या काढघालीला पुरतात.

विमा कंपनीला किटची माहिती लेखी द्या, बीजक आणि कस्टम्स भरल्याची पावती जोडून. पॉलिसीवर किटची किंमत वेगळी नोंदवून घ्या. सर्व्हेअर अपघातानंतर न नोंदवलेला बंपर बघतो तेव्हा तो मूळ बंपरचेच पैसे मोजतो, आणि कधी कधी तेही मोजायला कचरतो. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद), बीजक, उघडतानाचा व्हिडिओ आणि बसवण्याचं जपानी पत्रक एकाच फाइलला लावून ठेवा. गाडी विकायची वेळ आली तर घेणारा आधी हीच फाइल मागेल.